पैसा आमचा, करार कुणाचा?

"आम्ही झोपडपट्टीतली माणसं, आम्ही कुठला टॅक्स भरतो?" असे आमच्याच वस्तीतले लोक आम्हाला विचारतात. हा न्यूनगंड प्रस्थापितांच्या सोयीचा आहे. साबणाच्या वडीवरही कर असतो. तो सफाई कामगार भरतो आणि साखरसम्राटही भरतो. म्हणूनच कोल्हापूरच्या टोलचा धडा आपल्या समाजाने विसरता कामा नये.

शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांसाठी महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात करार झाला. प्रकल्प २२० कोटींचा, टोलवसुलीचा हक्क ३० वर्षांचा! शिवाय टेंबलाईवाडीची मोक्याची जागा दीर्घ भाडेपट्ट्याने. हा करार सामान्य माणसाला कळला कधी? नाके उभे राहिले तेव्हा! "आमच्याकडे मोटार कुठे आहे?" असे म्हणून आपण गप्प बसणार होतो काय? भाजीच्या टेम्पोने भरलेला टोल शेवटी भाजीच्या दरातच उतरतो.

प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली करवीरची जनता रस्त्यावर उतरली. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने टोल रद्द करण्याची घोषणा केली. ती ऐकायला पानसरे नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्येच त्यांची हत्या झाली होती.

विजय जनतेचा होता, यात शंका नाही. परंतु कंपनीच्या भरपाईचा भार शासनाने उचलला. शासनाची तिजोरी कुणाची? म्हणजे नाक्यावरचे बिल फाटले नाही, ते फक्त दुसऱ्या खिशात गेले. आणि तोही खिसा आपलाच! करार करणाऱ्यांच्या खिशातून काय गेले?

पुढे १५ नोव्हेंबर २०२० रोजी महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षे प्रशासकाच्या सहीने शहराचा पैसा खर्च झाला. नगरसेवकच नव्हते, तर जाब कुणाला विचारायचा होता?

कायदा मात्र आपल्या हातात आहे. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे संविधानाचे कलम २४३-एस सांगते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ सांगते की, खर्चाची माहिती मागण्याआधीच जाहीर केली पाहिजे. मागासवर्गीयांसाठी राखलेला निधी कोणत्या गल्लीत, कोणत्या गटारावर, कोणत्या ठेकेदारामार्फत खर्च झाला, याचा फलक प्रत्येक वस्तीत लागला पाहिजे. फलक नसेल तर अर्ज करा, उत्तर आले नाही तर अपील करा. अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलो आहोत.

बाबासाहेबांनी १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारी पैशाचा हिशोब तपासणाऱ्या त्या अर्थतज्ज्ञाचे आपण अनुयायी! जयंतीच्या वर्गणीचा पैन् पैचा हिशोब आपण मंडळाकडे मागतो. मग महापालिकेकडे मागायला का कचरायचे?

जय भीम!