नव्या देवदाराला कोणता लेप? चकाकीच्या मोहात फसगत

इंदूर : येथील राजवाड्याचे खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. होळकरांच्या या सात मजली वास्तूचा मोठा भाग १९८४ च्या दंगलीतील आगीत भस्मसात झाला. आगीची नोंद इतिहास ठेवतो. ऊन आणि पाऊस मात्र गाजावाजा न करता लाकूड खात राहतात.

माळव्याचे परंपरागत लाकूड सागवान. त्याऐवजी हिमालयातील देवदार सज्जाला किंवा कठड्याला वापरायचा, तर त्याचा स्वभाव जाणून घ्यायला हवा. देवदाराच्या गाभ्यात मुळातच सुगंधी तेल असते. त्यामुळे वाळवी आणि कूज त्याच्यापासून बऱ्याच अंशी दूर राहते. सालीलगतच्या फिकट भागाला हे संरक्षण नसते. उन्हापुढे मात्र दोन्ही सारखेच हतबल. सूर्याचे अतिनील किरण तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड राखाडी पडते.

येथेच पारदर्शक वार्निशचा मोह नडतो. पहिल्या दिवशी त्याइतके देखणे काहीच नसते. पण त्यातून ऊन आरपार जाते, खालचे तंतू सुटतात, पापुद्र्याला भेगा पडतात. भेगेतून शिरलेले पाणी आतच कोंडते आणि वार्निश सोलपटते. मग सारे खरवडून पुन्हा आरंभ! अपारदर्शक रंग सर्वाधिक संरक्षण देतो. मात्र देवदाराच्या गाठींतील राळ त्यावर पिवळे डाग उमटवते. म्हणून आधी गाठींवर लाखेचा हात आणि त्यावर प्रायमर द्यावा लागतो. शिवाय ज्या रेषांसाठी देवदार घेतला, त्याच झाकल्या जातात.

मधला मार्ग लाकडात मुरणाऱ्या रंगयुक्त तेलाचा. त्यातील रंगकण ऊन अडवतात आणि पापुद्रा नसल्याने सोलपटण्याचा प्रश्न उरत नाही. एक-दोन वर्षांनी धुऊन नवा हात द्यावा लागतो. पण हा त्रास खरवडण्यापेक्षा कितीतरी हलका.

तेल मुरण्यासाठी लाकूड कोरडे हवे. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. पाण्याचा थेंब तरंगत राहिला, तर फळी अजून तयार नाही. कापलेली टोके सर्वाधिक पाणी पितात. तेथे दोन-तीन हात द्यावेत. सुतार नेमका हाच भाग विसरतो. इंदुरात मार्च ते मे हा काळ योग्य, तोही सकाळचा; दुपारच्या तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच आटते. गोव्याच्या दमट हवेत पावसाळ्यानंतरचे कोरडे दिवस निवडावेत आणि बुरशीनाशक असलेलेच तेल घ्यावे. नुसत्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी चटकन धरते.

काम संपल्यावर तेलाने भिजलेली फडकी मात्र कोपऱ्यात गोळा करून टाकू नयेत. जवसासारखी तेले वाळताना उष्णता सोडतात आणि चोळामोळा झालेले फडके ठिणगीवाचूनही पेटू शकते. ती उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.