अभियंता की वास्तुविशारद?

बारावीचा आणि सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल हाती आला की मराठवाड्यातील शिक्षक, कारकून आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्या घरांत एकच खल सुरू होतो. गणित बरे, भौतिकशास्त्र बरे. तेव्हा मुलाने अथवा मुलीने अभियंता व्हावे हे जणू आधीच ठरलेले असते. अशा वेळी एखाद्याचा हात चित्रकलेत चांगला असेल आणि त्याने वास्तुकलेचे नाव काढले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. ‘इंजिनिअर झाल्यावर घरे बांधता येत नाहीत काय?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला. तो वाटतो तितका भाबडा नाही. किंबहुना या दोन व्यवसायांच्या सीमारेषेचा सारा वाद त्या एका प्रश्नात सामावलेला आहे.

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याजवळचे, सागवानी जंगलाच्या कडेचे गाव. अशा गावातील विद्यार्थ्याला अभियंता दिसत असतो. रस्त्याच्या कामावर तो दिसतो, पाटबंधाऱ्यावर दिसतो, घरकुलाची पाहणी करण्यास पंचायत समितीकडून तोच येतो. वास्तुविशारद मात्र सहसा दृष्टीस पडत नाही. जो व्यवसाय डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याची निवड कोणी कशी करावी? ग्रामीण विद्यार्थी वास्तुकलेकडे वळत नाही, याचे कारण बुद्धीत किंवा अभिरुचीत शोधण्यापूर्वी ते या अपरिचयात शोधले पाहिजे.

गोंधळात भाषेनेही भर घातली आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगला मराठीत ‘स्थापत्य अभियांत्रिकी’ म्हणतात. आर्किटेक्चरला कोणी स्थापत्यकला म्हणतात, कोणी वास्तुकला, तर कोणी वास्तुशास्त्र. आणि वास्तुशास्त्र म्हटले की सामान्य माणसाच्या मनात येतो तो दिशा पाहून स्वयंपाकघर हलवायला सांगणारा सल्लागार! पाच वर्षांच्या एका कठोर शिक्षणक्रमाचे नाव उच्चारताच गैरसमज व्हावा, ही त्या व्यवसायाची मोठीच अडचण आहे.

एका कारागिरीच्या दोन पदव्या

वास्तविक ही विभागणी आपल्याकडे फार जुनी नाही. वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्यांना, किंवा देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे उभारणाऱ्यांना, भार पेलणारा खांब आणि सुंदर दिसणारा खांब या दोन वेगळ्या विद्या वाटल्या नसतील. इंग्रजी राजवटीत सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी हवे होते. त्यासाठी 1854 मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून पुढे तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले. वास्तुकलेचे पद्धतशीर शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात 1913 पासून रुजले. म्हणजे एक विद्या सरकारी खात्याच्या गरजेतून आली, दुसरी कलाशाळेच्या अंगणात वाढली. दोहोंचा स्वभाव आजही त्या जन्मकथेला धरून आहे. अभियांत्रिकीला खाते, कारखाना, कंपनी असा मालक मिळतो. वास्तुविशारदाला बहुधा स्वतःचे अशील स्वतः शोधावे लागते.

मराठवाड्यात अभियांत्रिकीचे शिक्षण क्रमाने जवळ आले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, 1960 मध्ये शासकीय महाविद्यालय निघाले. नांदेडच्या विष्णुपुरी येथे 1981 मध्ये श्री गुरु गोविंद सिंगजी यांच्या नावाची संस्था उभी राहिली. 1983 मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खाजगी महाविद्यालयांना दार उघडले गेले आणि पदवी जिल्ह्याच्या गावी मिळू लागली. वास्तुकलेच्या बाबतीत असे झाले नाही. शासकीय खर्चाने ती शिकविणाऱ्या संस्था थोड्या आणि त्यांपैकी नावाजलेल्या मुंबई, नागपूर अशा शहरांत.

किल्लारीचा धडा

दोन विद्यांत फरक काय, हे समजून घेण्यासाठी मराठवाड्याला परदेशी उदाहरणांची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांचा जीव घेतला तो मुख्यतः त्यांच्याच घरांनी. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थरांचे जड माळवद, हे उन्हाळ्यात गारवा देणारे घर हादऱ्यापुढे टिकले नाही. भिंतीचे दगड एकमेकांत कसे गुंतवावेत, भिंतींना जोडणारा पट्टा कोठे घालावा, छपराचे वजन किती असावे, हे सांगणे अभियंत्याचे काम. ते वेळीच सांगितले गेले असते तर कित्येक जीव वाचते.

पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी पूर्णपणे वसविली गेली. जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे बांधली गेली. ती पूर्वीपेक्षा भूकंपाला तोंड देण्यास समर्थ होती, ही उपलब्धी लहान नव्हे. परंतु बऱ्याच गावांत सरळ रुंद रस्ते आणि रांगेतील सारखी घरे अशी वसाहतीची आखणी झाली. भावकीचे वाडे शेजारी राहिले नाहीत, बैल बांधायला आणि कडबा रचायला जागा उरली नाही, गल्लीच्या तोंडाशी बसण्याची जागा गेली. लोकांनी मग पुढे पत्रे घातले, कुंपणभिंती उभारल्या, गोठे जोडले. आराखड्यात जे राहून गेले ते स्वतःच्या खर्चाने भरून काढले. घर पडू नये ही एक चिंता आणि घरात राहता यावे ही दुसरी. पहिलीचे शास्त्र अभियांत्रिकीत आहे, दुसरीचे वास्तुकलेत. पैकी एकीलाच विद्या मानण्याची किंमत कोणी मोजली, हे किल्लारीच्या परिसरात दिसते.

इस्लापूरच्या परिसरातही हाच प्रश्न आज शांतपणे उभा आहे. कुडाच्या भिंती आणि कौलारू छपरे जाऊन सिमेंट आणि पत्रा येत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान 25 चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे. तेवढ्या जागेत एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात माणूस दुपारी कसा बसेल, धान्य कोठे ठेवील, चूल कोठे मांडील, याचा विचार करणारा तज्ज्ञ त्या गावातूनच निघाला तर तो अधिक जाणता असेल. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईत वास्तुकला शिकलेले बाळकृष्ण दोशी यांना 2018 मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. त्यांच्या गाजलेल्या कामांपैकी एक म्हणजे इंदूरची ‘अरण्य’ ही अल्प उत्पन्न गटासाठीची वसाहत. वास्तुकला ही केवळ श्रीमंतांच्या बंगल्यांची चैन आहे, या समजुतीला एवढे एक उत्तर पुरेसे आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

तथापि गरज समाजाची असते आणि फी कुटुंबाला भरावी लागते. अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात, तो येथे स्पष्ट मांडला पाहिजे. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, वास्तुकलेची पाच. ते जादा वर्ष म्हणजे केवळ एका वर्षाची फी नव्हे. त्या वर्षी जी कमाई झाली असती तीही सोडावी लागते. त्यानंतर उमेदवारीची एकदोन वर्षे तुटपुंज्या वेतनावर जातात. अभियांत्रिकी, वास्तुकला यांसारख्या व्यावसायिक शिक्षणातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये केला. तो स्वागतार्हच आहे. पण रेखाटनाचे कागद, प्रतिकृतींचे साहित्य, संगणक आणि शहरातील खोलीचे भाडे या बाबी शुल्काच्या व्याख्येत बसत नाहीत, आणि वास्तुकलेचा खरा खर्च तेथेच असतो.

शिवाय पदवीने बाजारपेठ राखून मिळते असेही नाही. 1972 च्या कायद्यानुसार वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावता येते. मात्र या कायद्याने बिरुदाला संरक्षण दिले आहे, कामाला नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये दिला. आरेखनाचे काम इतरांनीही करण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर असे आहे: होय, अभियंत्यालाही घरे बांधता येतात.

मग अभियांत्रिकीचा मार्ग निर्धोक आहे काय? येथे तुरीची आठवण उपयोगी पडेल. 2015 मध्ये तुरीचे भाव चढले, म्हणून 2016 च्या खरिपात शेतकऱ्यांनी भरभरून तूर पेरली आणि 2017 मध्ये खरेदी केंद्रांपुढे रांगा लागून भाव कोसळले. आजचा भाव पाहून पेरायचे आणि उद्याच्या बाजारात विकायचे, यातच ही फसगत आहे. रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1976 मध्ये अभियंत्यांच्या पुरवठ्यालाही हाच नियम लागू पडतो हे दाखविले. आज संगणक शाखेला भाव आहे म्हणून सारे तिकडे धावतात. पीक मात्र चार वर्षांनी हाती येते. राज्यात गेल्या दशकात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या आणि काही महाविद्यालये बंद पडली, हे विसरता येत नाही. पदवीनंतर स्पर्धा परीक्षा देता येतात हा अभियांत्रिकीच्या बाजूचा युक्तिवादही अर्धाच खरा. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, वास्तुकलेचीही.

निवड कशाच्या आधारे?

या सर्वांतून निष्कर्ष निघतो तो असा. कुटुंबाला सहासात वर्षे कळ काढता येणे शक्य असेल आणि विद्यार्थ्याला माणसे, जागा व उजेड न्याहाळण्याची मुळातच ओढ असेल, तर केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्याला अभियांत्रिकीत ढकलणे हा अपव्यय आहे. ही कळ काढता येत नसेल, तर स्थापत्य अभियांत्रिकी ही माघार नव्हे. त्या पदवीनंतर नगररचनेचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते, आणि राज्याच्या नगररचना सेवेची दारे अभियंता व वास्तुविशारद या दोघांनाही खुली आहेत. गावे आणि गल्ल्या आखण्याची ओढ त्या वाटेनेही पुरी होऊ शकते. न परवडणारी गोष्ट एकच: चित्र आवडते म्हणून वास्तुकला किंवा गुण पडले म्हणून अभियांत्रिकी, अशी हिशेबाविना केलेली निवड.

पण हिशेब करण्यासाठी दोन्ही बाजूंचे आकडे समोर हवेत आणि ते पुरविणे एकट्या कुटुंबाला शक्य नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा गावोगावची मुले देतात. त्या प्रमाणपत्राकडे दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे पाहण्यास त्यांना कोणी सांगत नाही. वास्तुकलेसाठी 2006 पासून ‘नाटा’ ही स्वतंत्र अभिरुची परीक्षा आहे, हे कित्येकांना तिची मुदत संपल्यावर कळते. चित्रकला शिक्षकाचे पद रिकामे ठेवून शाळा जी बचत करते, ती अशी विद्यार्थ्याच्या खाती नावे पडते. कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीतच ही माहिती द्यावी आणि शासनाने सवलतीत साहित्य व निवास यांचा खर्च धरावा, या मागण्या अवाजवी नाहीत. त्या पुऱ्या होईपर्यंत इस्लापूरच्या विद्यार्थ्याने वास्तुकला नाकारली असे म्हणणे योग्य होणार नाही. ती त्याला कोणी देऊ केलेलीच नाही.