क्लचचा प्ले तपासू या

आमच्या बचत गटाची एक जुनी व्हॅन आहे. पापड, लोणची, शेवया भरून ती दर आठवड्याला बाजाराला जाते. गेल्या वर्षी घाटाच्या चढावर इंजिन नुसतंच गरजू लागलं, गाडी काही पुढे सरकेना. जळका वास सुटला. क्लच प्लेट जळाली होती. दुरुस्तीत गटाची तीन महिन्यांची बचत गेली आणि त्या दिवशीचा बाजारही बुडाला. गॅरेजवाले दादा म्हणाले, "ताई, क्लचला प्लेच उरला नव्हता." तेव्हा आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती क्लच प्लेटमधून. पेडल दाबलं की हा जोड सुटतो आणि गिअर बदलता येतो. इंजिन बंद असताना पेडल हाताने हलकेच दाबून पाहा. आधी ते मोकळं जातं, मग जड लागतं. हे मोकळं अंतर म्हणजे प्ले. केबलवरच्या क्लचला तो साधारण 15 ते 25 मिलिमीटर, म्हणजे एक-दीड बोट रुंदीएवढा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा.

प्लेट झिजते तसा प्ले कमी होतो. तो संपला की पाय काढला तरी क्लच पूर्ण धरत नाही. प्लेट घसरते, तापते, जळते. उलट प्ले फार वाढला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्स, करकर आवाज येतो.

केबलच्या टोकाला, गिअरबॉक्सपाशी, नट असतो. तो आवळला की प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. थोडा फिरवायचा आणि पुन्हा पेडल तपासायचं. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जमत नसेल तर गॅरेजमध्ये करून घ्या, पण शेजारी उभ्या राहून बघा. नट फिरवायला जागाच उरली नसेल, तर प्लेट झिजली आहे किंवा केबल ताणली आहे. केबलच्या तारा सुटलेल्या दिसल्या तर ती लगेच बदला.

गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसू नका. चढावर थांबलात तर हाफ क्लचवर गाडी धरू नका, हँडब्रेक लावा.

आम्ही आता महिन्याच्या बैठकीआधी प्ले मोजतो आणि हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवतो. मोजायला एक मिनिट लागतं. तुमच्याही गटाची गाडी असेल, तर उद्याच बोट लावून बघा.