कर्नलच्या धाग्यांची मेमरी कुठे असावी?

मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाशेजारी त्याची मेमरी. शेजारची लवकर मिळते. दुसऱ्याकडून मागवली तर विलंब होतो. विलंब क्षणाच्या अंशाचा, पण सेकंदाला लाखो वेळा घडला तर फार महाग.

लिनक्समध्ये कर्नलचे धागे 'केथ्रेडडी' हा एकच धागा निर्माण करतो. त्यामुळे काम कुठल्याही प्रोसेसरवर असो, साऱ्यांचे स्टॅक एकाच नोडवर गोळा होत. चूल एका घरी, मिठाची बरणी दुसऱ्या घरी! २०११ साली एरिक द्युमाझे यांनी धागा घडवतानाच नोड सांगण्याची सोय केली, २.६.३९ आवृत्तीत ती आली. इतकी साधी सोय एवढ्या उशिरा यावी, याचे आम्हांला नवल वाटते. धागा पुढे दुसऱ्या नोडवर हलवला, तर मात्र स्टॅक आजही मागेच राहतो.