सी-९० : एक बाजू, एक हाफ

परवा कॉमन रूममध्ये एक पोरगा मला म्हणाला, "सर, अख्खी मॅच कशाला बघत बसता? दहा मिनिटांचे हायलाइट्स येतात की!" त्याच्या कानात इअरफोन होता आणि दर अर्ध्या मिनिटाला तो गाणं पुढे ढकलत होता. मी तेव्हा काही बोललो नाही. तोंडी वादात मी कच्चा. पण मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागायला मंडळी आली, तेव्हा म्हटलं, चला, उत्तर लिहूनच देऊ.

आधी हिशोब. फुटबॉलचा एक हाफ ४५ मिनिटांचा. सी-९० कॅसेटची एक बाजूही ४५ मिनिटांची. हा निव्वळ योगायोग आहे. दीड तासाचा खेळ इंग्लंडमध्ये १८६६ च्या लंडन-शेफील्ड सामन्यात ठरवून खेळला गेला आणि पुढे तोच नियम झाला. कॅसेट फिलिप्सने आणली १९६३ साली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ज्यांनी दोन्ही एकाच खोलीत, एकाच वयात भोगलं, त्यांच्या डोक्यात हे दोन ४५ कायमचे चिकटलेले आहेत.

ज्यांनी कॅसेट फक्त आजोळच्या माळ्यावर पाहिली, त्यांच्यासाठी थोडं खोलात. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडवरून सरकते. ४५ मिनिटं म्हणजे २७०० सेकंद. गुणाकार करा, साधारण साडेअठ्ठावीस कमी-जास्त नव्हे, तर चांगली १२८ मीटर फीत होते. फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब, म्हणजे एक बाजू ऐकताना फीत एका गोलपोस्टपासून दुसरीपर्यंत जाऊन थोडी परतही येते! एवढी फीत त्या इवल्या डबीत मावावी म्हणून सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ असायची. उन्हाळ्यात टेपरेकॉर्डरने ती गिळली, की पेन्सिल घालून तासभर गुंडाळत बसायचं. असो.

तर मुद्दा असा, की फीत संपली म्हणजे संपली. तिथे इंज्युरी टाइम नाही. (खरं तर कंपन्या मिनिटभर फीत जास्त द्यायच्या, पण ते रेफ्रीच्या मर्जीसारखं. भरवसा धरायचा नाही.) आणि इथेच माझा घोळ झाला.

२००४-०५ ची गोष्ट. एका सीनिअरकडे पिंक फ्लॉइडच्या 'मेडल' या अल्बमची सीडी होती. अल्बम १९७१ चा. मी धामणकर नाक्यावरून कोरी सी-९० आणली आणि रूममधल्या टू-इन-वनवर रेकॉर्ड करून घेतली. 'डार्क साइड ऑफ द मून' आधीच केला होता. तो ४३ मिनिटांचा, एका बाजूत आरामात बसला. तो सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी आणि संपतोही ठोक्यांनी. भिवंडीत तो रात्री ऐकण्याची मजा वेगळीच होती. खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट अखंड चालू, त्यामुळे अल्बम नक्की कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कळायचंच नाही. ठोके संपले तरी माग चालूच! माग थांबले, की समजायचं, वीज गेली. पुढच्या क्षणी टेपही बंद.

'मेडल' मात्र पावणेसत्तेचाळीस मिनिटांचा. मी तो हिशोब केलाच नाही. त्यातलं शेवटचं 'एकोज' हे एकच गाणं साडेतेवीस मिनिटांचं आहे, आणि त्याच्या शेवटी एक आवाज वर वर चढत जातो, चढतच राहतो आणि विरून जातो. माझ्या कॅसेटवर तो चढायला लागायचा आणि... टक! बटण वर. दोन वर्षं मी ते गाणं तसंच ऐकलं. मला वाटायचं, गाणं असंच संपतं. लोकांना मी ते छातीठोकपणे सांगायचोसुद्धा, "काय शेवट आहे! एकदम कापून टाकलंय!"

याच अल्बमवर तिसरं गाणं आहे 'फिअरलेस'. त्यात लिव्हरपूलच्या मैदानावरच्या हजारो प्रेक्षकांचा गातानाचा आवाज मिसळलेला आहे. ते गातात 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. मूळ गाणं १९४५ सालच्या 'कॅरोसेल' या संगीतिकेतलं, १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडने गाजवलं आणि मग प्रेक्षकांनी ते आपलंच करून टाकलं. एका अमेरिकन नाटकातलं गाणं, ते गाणारे गोदीकामगारांच्या शहरातले लोक, ते ऐकणारे भिवंडीतले आम्ही. गाण्यांचा प्रवास कुठून कुठे होतो पाहा.

आता माझा रूम पार्टनर. कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल समजावून सांगायला जाऊ नये. तिथे संघांची नावंच तालमींची आहेत : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. जिथे कुस्तीसाठी माती खणली, तिथूनच फुटबॉलचे संघ उभे राहिले. शाहू स्टेडियमवर पेठांमधली मॅच असली, की गॅलरी भरते आणि पेठ ओस पडते. वर्ल्ड कप आला, की त्याच पेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि खेळाडूंचे कटआउट लागतात. सगळा महाराष्ट्र क्रिकेटपायी वेडा आणि हे एक गाव वेगळंच! तर हा पठ्ठ्या लिव्हरपूलचा भक्त. 'फिअरलेस'चा तो प्रेक्षकांचा आवाज आला, की अभ्यास टाकून उभा राहायचा. "भावा, हे ऐक. ही खरी गॅलरी."

२५ मे २००५. चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूल, लिव्हरपूल विरुद्ध मिलान. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू. दोन दिवसांवर एम-थ्रीचा पेपर. वॉर्डन सरांच्या हातापाया पडून टीव्ही रूम उघडी ठेवली. वीज त्या रात्री चक्क टिकली. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीने गोल केला. मग क्रेस्पोने दोन. हाफ टाइमला ३-०. माझा मित्र उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, "चल लगा, झोपू. लाप्लास तरी होईल." आणि गेला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. ५४ व्या मिनिटाला जेरार्ड, ५६ व्या मिनिटाला स्मिट्सर, ६० व्या मिनिटाला अलोन्सो. सहा मिनिटांत ३-३. मग जादा वेळ, शेवचेन्कोचे दोन फटके डुडेकने लागोपाठ अडवले, मग पेनल्टी, आणि पहाटे तीनच्या सुमारास लिव्हरपूल जिंकलं. मी त्याला उठवायला गेलो नाही का? ६० व्या मिनिटाला गेलो. दार ठोठावलं. आतून आवाज आला, "पाचवा झाला का?" त्याला वाटलं, मी चिडवायला आलोय. दार उघडलं नाही. मीही टीव्हीकडे पळालो. अजून थोडं ठोठावायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

सकाळी त्याने पेपरात पाहिलं. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसता म्हणाला, "हाफ टाइमला ते गाणं म्हटलं असेल ना रे त्यांनी?" म्हटलं होतं. ३-० ने मागे असताना गॅलरीतले लोक तेच गाणं गात होते, आणि त्याचा आवाज रोज कॅसेटवर ऐकणारा माणूस तेव्हा चादर ओढून झोपला होता.

आता हायलाइट्सवाल्या मित्रा, ऐक. ते तीन गोल मोबाइलवर दोन मिनिटांत बघून होतात. गोल म्हणून त्यात फार विशेष नाही. एक हेडर, एक लांबून मारलेला, एक तर अडवलेल्या पेनल्टीचा रिबाउंड. त्यांना वजन आलं ते आधीच्या ४५ मिनिटांच्या छळामुळे. तो छळ कापला, की राहतो फक्त स्कोअर. क्रिकेटमध्ये दर षटकानंतर श्वास घ्यायला जागा असते, जाहिरात असते. इथे घड्याळ थांबत नाही आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ५५ ते ६० मिनिटं. बाकीचा वेळ वाट बघण्याचा. वाट बघणं हाही खेळाचाच भाग आहे.

अल्बमचंही तेच. मिलिंद इंगळेंचा 'गारवा' घ्या. त्यात गाण्यांच्या अधेमधे सौमित्र कविता बोलतात. मग स्टेशनबाहेर 'एका सीडीत दीडशे गाणी' मिळायला लागली, तेव्हा बोलणं गेलं, गाणी राहिली. पाऊस पडला, पण आभाळ भरून आलंच नाही, असं काहीतरी व्हायचं.

एमपीथ्रीची आणखी एक गंमत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल : म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. १२८ केबीपीएसची एमपीथ्री त्याचा अकरावा हिस्सा. पण ती ११५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधावी लागते, आणि गाणं काही चौकट मोजून संपत नाही. मग एन्कोडर मागेपुढे शांतता भरतो. त्यामुळे 'डार्क साइड'मधली एकमेकांत ओतलेली गाणी साध्या प्लेअरवर वाजवली, की मधे उचकी लागते. कॅसेटला ही उचकी नव्हती. तिला फक्त शेवट नव्हता!

'एकोज'चा खरा शेवट मी २००७ मध्ये ऐकला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. टक वाजलं नाही. आवाज चढत राहिला. मी उगाचच उभा राहिलो.

१८ डिसेंबर २०२२, कतारची फायनल. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू, कॉमन रूम तुडुंब. ७९ मिनिटांपर्यंत अर्जेंटिना २-० ने पुढे. मेस बंद व्हायची वेळ, म्हणून निम्मी पोरं उठली. मी दारात आडवा उभा राहिलो, अक्षरशः. "बसा! जेवण मी मागवतो." ८० आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेने दोन गोल केले आणि दाराशी उभी असलेली पोरं होती तिथेच खाली बसली. ती ३-३ ची मॅच पेनल्टीपर्यंत गेली. त्या रात्रीचं वडापावचं बिल अजून माझ्याकडे आहे.

सामना संपल्यावर कोल्हापूरहून फोन आला. मागे फटाके, काही ऐकू येईना. मी ओरडून विचारलं, "अख्खी बघितलीस का?" तो म्हणाला, "२००५ पासून एकही अर्धी सोडली नाही भावा." मग मी सहज विचारलं, इस्तंबूलचा दुसरा हाफ आता तरी पाहिलास का, पूर्ण मॅच मिळते की कुठेही. थोडा वेळ नुसते फटाके ऐकू आले. मग म्हणाला, "नाही."