पाना तुमचा, परवानगी कंपनीची

मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ या जुन्या मॉडेलचं बॉनेट दोन प्रकारे उघडायचं. तेल-पाणी बघायचं असेल तर नेहमीसारखं तिरकं, आणि मोठं काम काढलं असेल तर खटका सरकवून थेट काटकोनात उभं. मेकॅनिकला हवं तसं वाकता यावं, इंजिनावर उजेड पडावा, डोकं पत्र्याला आपटू नये, एवढ्यासाठी ही सोय केलेली होती. १९८४ च्या अखेरीस आलेली ही गाडी त्या काळातही श्रीमंतांचीच होती. भारतात मर्सिडीजनं पहिल्यांदा जोडली तीही हीच, पुण्यात, १९९५ साली. म्हणजे महागडी गाडी दुरुस्तीला अवघडच असणार, असा काही नियम तेव्हा नव्हता. आज त्याच दर्जाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आधी दिसतं ते प्लॅस्टिकचं मोठं आच्छादन. ते काढलं तरी तेल मोजायची डिपस्टिक सापडेलच असं नाही. बीएमडब्ल्यूनं सुमारे वीस वर्षांपूर्वी आपल्या नव्या इंजिनांतून ती काढून टाकायला सुरुवात केली आणि तेलाची पातळी गाडीतल्या पडद्यावर दाखवली जाऊ लागली. तो सेन्सर बिघडला, तर इंजिनात तेल किती आहे हे मालकाला डोळ्यांनी बघायचा मार्गच उरत नाही.

अमेरिकेत बऱ्याच घरांना जोडून गॅरेज असतं आणि मेकॅनिकची मजुरी तासावर, तीही भरमसाट असते. त्यामुळे तेल बदलणं, ब्रेक पॅड टाकणं ही कामं घरीच उरकायची तिथे जुनी रीत आहे. जर्मनीत, ब्रिटनमध्येही अशी हौशी मंडळी भरपूर. आपल्याकडे हेच काम घरी कमी आणि ओळखीच्या, विश्वासातल्या मेकॅनिककडे जास्त होतं. पण अडचण दोघांची एकच, कारण कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बाहेर दोघेही सारखेच उभे असतात. हल्लीच्या गाड्या गुंतागुंतीच्या झाल्या, आता कोण हात लावणार, असं म्हणून हा विषय सहसा मिटवला जातो. मला हे निदान अपुरं वाटतं. गुंतागुंत शिकता येते. तीस वर्षांपूर्वी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तेही मेकॅनिक शिकलेच. आज हात अडतो तो बहुधा काम संपता संपता. जुना भाग निघालेला असतो, नवा नीट बसलेला असतो, आणि गाडीचा संगणक तो मान्य करत नाही.

बॅटरीचं उदाहरण घेऊ, कारण याहून साधं काम गाडीत नसेल. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक मॉडेलांत बॅटरी डिकीत, कडेच्या किंवा तळाच्या झाकणाखाली असते. आधी ऋण टर्मिनल सैल करायचं, मग धन, मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. बॅटरी गाडीच्या आत असल्यामुळे तिच्यातला वायू बाहेर सोडणारी एक बारीक नळी असते, ती काढून नव्या बॅटरीला लावायला विसरायचं नाही. अर्ध्या तासाचं काम. पण ऋण टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती वीज येते-जाते, तिची ताकद किती उरली, याची नोंद तो वर्षानुवर्षं ठेवत असतो आणि त्या नोंदीवरून संगणक चार्जिंग ठरवतो. बॅटरी जुनी होईल तसं चार्जिंग बदलत जातं. नवी बॅटरी बसवली हे संगणकाला कळवलं नाही, तर तो तिला जुनीच समजून चार्ज करत राहतो आणि तिचं आयुष्य घटतं. धडधाकट माणसाला आजाऱ्याचं औषध रोज द्यावं, तसा हा प्रकार. नोंदणीला स्कॅनर जोडून दोन-चार मिनिटं लागतात. पण तो स्कॅनर आणि त्यातलं त्या कंपनीचं सॉफ्टवेअर मालकाकडे नसतं.

यामागची कल्पना वाईट नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत भरायची आणि गाडी जोरात पळवताना इंजिनावरचा अल्टरनेटरचा भार कमी करायचा, तर बॅटरीची नेमकी स्थिती माहीत हवीच. त्यातून इंधन वाचतं. माझा आक्षेप सेन्सरला नाही. ज्या गाडीत हात-दीड हात लांबीचा पडदा आहे, ज्यावर आतल्या दिव्यांचा रंग निवडता येतो, त्याच पडद्यावर ‘नवी बॅटरी बसवली’ असा एक पर्याय देणं तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. तो दिलेला नसतो, हा निर्णय आहे. मागच्या ब्रेक पॅडचंही असंच. हँडब्रेकच्या जागी बटण आलं, तेव्हा मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर बसली. पॅड बदलायचे तर ती मोटर आधी मागे घ्यावी लागते, आणि त्यासाठी गाडी ‘सर्व्हिस मोड’मध्ये टाकावी लागते. हे न कळता कुणी पिस्टन क्लॅम्पनं रेटला, तर कॅलिपरच्या आतली यंत्रणा मोडते आणि पॅडच्या जागी सगळा कॅलिपरच घ्यावा लागतो. काही गाड्यांत मात्र बटणं आणि पेडल ठरावीक क्रमानं दाबून हाच मोड कुठल्याही स्कॅनरशिवाय चालू करता येतो. एका गाडीत जे जमतं ते दुसरीत अशक्य आहे, असं मग म्हणता येणार नाही.

जागेची अडचण वेगळी, आणि तिच्याबद्दल मी कंपन्यांना थोडी अधिक सवलत देईन. ऑडीच्या एस-४ मध्ये एके काळी ४.२ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. त्याच्या टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला होत्या. चेनचा आधार असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्या की पूर्ण इंजिन बाहेर काढण्यावाचून इलाज नसे. भारतात ३२०-डी आणि ५२०-डी मध्ये मोठ्या संख्येनं आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेल इंजिनाचीही चेन मागेच होती, आणि ती झिजून तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन मागे घेण्याला कारणं आहेत. इंजिनाचा पुढचा भाग बुटका राहतो, धडक झालीच तर पादचाऱ्याच्या डोक्याखाली बॉनेट दबायला जागा मिळते. पण कारखान्यात इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा सांगाडा हे सगळं एकत्र जोडून खालून गाडीत बसवतात; तिथे चेन पुढे आहे की मागे, यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दहा वर्षांनी, ज्याच्या दारात गाडी उभी असते त्याचं. भाग काही हजारांचा आणि मजुरी लाखाच्या घरात, असं गणित इथे तयार होतं. याला कायदा फारसं काही करू शकणार नाही. पण गाडी घेणाऱ्यानं ही माहिती आधी काढली पाहिजे.

‘आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही’ असं ज्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल सांगितलं जातं, त्याची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. बीएमडब्ल्यू, जग्वार, ऑडीच्या अनेक मॉडेलांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः सांगते, की गाडी कशी चालवली जाते त्यानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलावं. बनवणारा बदला म्हणतो आणि गाडी विकणारा नको म्हणतो. मग हे ‘आयुष्य’ कुणाचं मोजलेलं? पहिल्या मालकाच्या वॉरंटीचं, असाच अर्थ निघतो. त्या तेलाची पातळी बघायलाही डिपस्टिक नसते. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, तेलाचं तापमान साधारण ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना भरायच्या भोकातून तेल ओघळू लागलं की बूच लावायचं. काळजीनं केलं तर हे जमण्यासारखं काम आहे. तापमान तेवढं स्कॅनरवर दिसायला हवं.

हा स्कॅनर ज्या खोबणीत लावतात, ती कंपन्यांनी खुशीनं दिलेली नाही. प्रदूषणाच्या नियमांसाठी अमेरिकेनं १९९६ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये एकसारखी ओबीडी-२ खोबण सक्तीची केली, पुढे युरोपनं आणि आपणही तोच मार्ग धरला. त्यामुळे हजार-दोन हजारांचा साधा स्कॅनरही इंजिनाचे प्रदूषणाशी संबंधित दोष कुठल्याही गाडीत वाचू शकतो. जिथे कायद्याची सक्ती संपते तिथे त्या स्कॅनरची नजरही संपते: एअरबॅग, एअर सस्पेन्शन, ब्रेक, एसी यांचे कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे. आज घरी जेवढं करता येतं, त्यातलं बरंचसं सरकारनं भाग पाडलं म्हणून करता येतं, हे विसरून चालणार नाही.

आता विरुद्ध बाजू. सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा आहे. मर्सिडीजनं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एसबीसी नावाची विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा आणली होती. गाडी बंद असतानाही नुसतं दार उघडलं, तरी तिचा पंप जागा होऊन ब्रेकमध्ये प्रचंड दाब तयार होई. यंत्रणा आधी निष्क्रिय न करता कुणी पॅड बदलायला बसला, तर बोटं चिरडण्याचा धोका खराच होता. पण इथे बोटं वाचवते ती माहिती. यंत्रणा निष्क्रिय कशी करायची हे सगळ्यांना ठाऊक असेल तर अपघात टळतो; ते लपवून ठेवलं तर काम थांबत नाही, ते अर्धवट माहितीवर आणि चोरीच्या सॉफ्टवेअरवर होतं. दुसरा मुद्दा हॅकिंगचा. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून मिळवून दाखवला आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांना वाट मिळाली ती मोबाइल नेटवर्कमधून. स्वतःच्या अंगणात तार जोडून बसलेल्या मालकामुळे ते घडलं नव्हतं, त्यामुळे त्याची शिक्षा त्याला देण्यात अर्थ नाही. चोरीचा मुद्दा मात्र मला पटतो. ऑडी आणि फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत काही महागडे भाग त्या गाडीच्या ओळखीशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग लावला तर तो नीट चालत नाही. कंपनीच्या सर्व्हरशी जोडून त्याची सुटका करावी लागते. यामुळे चोरीच्या भागांना गिऱ्हाईक कमी होतं हे खरं. पण भंगारात निघालेल्या गाडीचा रीतसर विकत घेतलेला भागही त्याच नियमात अडकतो. त्यावर उपाय आहे: युरोपात चोरीशी संबंधित कामांसाठी स्वतंत्र मेकॅनिकची पार्श्वभूमी तपासून त्याला मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली आहे.

काही कामं घरी करू नयेत, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अवलंबून असते. काच बदलली की सपाट जमिनीवर, मोजलेल्या अंतरावर खुणेचे फलक ठेवून तो कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. तिथे अंदाजाला जागा नाही.

राहिला तो टोमणा, की ज्यांना अशी गाडी परवडते त्यांना सर्व्हिस सेंटरही परवडतं. पहिल्या मालकाबद्दल तो खरा असेल. पण या गाड्यांची किंमत झपाट्यानं उतरते आणि सात-आठ वर्षांनी त्या नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळतात. भाव उतरतो, पार्ट्सचे दर उतरत नाहीत. शिवाय महागड्या गाडीतलं तंत्र तिथेच राहत नाही. बटणाचा हँडब्रेक आणि काचेमागचा कॅमेरा आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या एसयूव्हींमध्येही आले आहेत. आज जी पद्धत आपण श्रीमंतांचा प्रश्न म्हणून सोडून देऊ, ती उद्या सगळ्यांच्या गाडीत असेल.

इतर देशांनी हे ओळखलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूनं कौल दिला आणि २०१४ मध्ये गाडी कंपन्यांनी तीच तत्त्वं देशभर मान्य करणारा करार केला. २०२० मध्ये तिथे पुन्हा मतदान होऊन, गाडी बिनतारी पाठवते ती यांत्रिक माहितीही मालकाला मिळावी, असा कौल मोठ्या बहुमतानं आला. युरोपीय संघात २००७ च्या नियमानं स्वतंत्र मेकॅनिकला दुरुस्तीची माहिती देणं बंधनकारक झालं. ठरावीक मुदतीचं शुल्क भरून ती बघता येते. भारतात भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ गाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यात मारुती, टाटा, महिंद्रा होत्या, तशाच मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात द्या, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगानं बजावलं. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनांचाही समावेश केला. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर आहे. बॅटरी, ब्रेक पॅड, तेल, दिवे या झिजणाऱ्या गोष्टी बदलल्याची नोंद गाडीच्याच पडद्यावरून करता आली पाहिजे, एवढी एक अट नव्या गाडीच्या मान्यतेला जोडली तरी मोठं काम होईल, आणि ती केंद्र सरकारनं घालावी.

तोवर जुनी आलिशान गाडी घेणाऱ्यानं सहीआधी तीन गोष्टी विचाराव्यात: चेन कुठल्या बाजूला आहे, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, आणि या गाडीचा पूर्ण स्कॅनर असलेला स्वतंत्र मेकॅनिक आपल्या गावात आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गाडी घेऊ नये.