‘हेवी’चे ठरलेले सोबती

शेवगावच्या शिवारात पाऊस पडतो, वारा सुटतो, थंडी वाजते. ‘वारा पडला’ म्हटलं, तर तो थांबला असा अर्थ होतो. शब्दांचे सोबती ठरलेले असतात आणि इंग्रजीतही तसंच आहे.

‘हेवी’ हा शब्द घ्या. ‘हेवी म्हणजे जड’ एवढंच पाठ केलं, की जोराच्या पावसाला मुलं ‘स्ट्राँग रेन’ म्हणतात. मराठीत पाऊस आणि वारा दोन्ही ‘जोराचे’. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा मात्र ‘स्ट्राँग’. गर्दीची रहदारी ‘हेवी ट्रॅफिक’, पण कडक चहा ‘स्ट्राँग टी’ आणि सणकून भरलेला ताप ‘हाय फीव्हर’. हवामान खात्याने तर ‘हेवी रेन’चं मापही ठरवलं आहे: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर.

यामागे व्याकरणाचा नियम नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराची सवय आहे. अशा जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात. 2002 साली ऑक्सफर्डने त्यांचा खास कोशही काढला.

म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांच्या वहीत सुटा शब्द लिहून घेऊ नये. त्याची जोडी लिहून घ्यावी आणि ती वाक्यात मोठ्याने म्हणवून घ्यावी.